धाकाने विमाने उडत नाहीत!

२०२५ सालच्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेच्या दुपारी आमच्या आळीतल्या एका स्नेह्यांच्या घरी फराळाला बसलो होतो. ताटात चकली, अनारसे, चिवडा. भोवती पोरांचा गलका. आणि मधोमध, आपल्याकडे असायचेच तसे, देशाच्या भवितव्यावर भाष्य. महिन्याभरापूर्वी, २६ सप्टेंबरला, वायुदलाने चंदिगडला मिग-२१ विमानांना अखेरचा निरोप दिला होता. आमचा जिल्हा नाशिक. ओझरच्या कारखान्यात ही विमाने वर्षानुवर्षे तयार झाली. त्यामुळे घरातला जुना बैल दावणीवरून गेला म्हणजे जशी हुरहूर लागते, तशी ती बातमी वाचून आमच्याकडे अनेकांना लागली होती. विमानांवरून बोलणे अपघातांवर गेले, अपघातांवरून पुलांवर, पुलांवरून कंत्राटदारांवर. आणि शेवटी तेथे बसलेल्या एका वकीलसाहेबांनी चकलीचा तुकडा मोडत निकाल देऊन टाकला.

"मास्तर, आपल्या लोकांना धाकच नाही हो! तिकडे स्टालिनने बघा काय केले. शत्रू दाराशी आलेला, निम्मे कारखाने गेलेले, आणि एकट्या १९४४ सालात चाळीस हजार विमाने बाहेर काढली! का? तर चुकला तो संपला! असा एक माणूस पाच वर्षांसाठी इथे आणा. पूल पडणार नाही की विमान पडणार नाही."

सर्वांनी माना डोलावल्या. मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी पडलो शाळामास्तर, मॅट्रिकच्या पुढे कॉलेजचा उंबरठा न चढलेला, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. विमान मी पाहतो ते वर्गाच्या खिडकीतून, आणि तेही पोरांचे लक्ष विचलित करते म्हणून त्याच्यावर चिडत. पण ते वाक्य मनात सलत राहिले. मग मिळेल ते वाचत गेलो, आणि आज उत्तर घेऊन उभा आहे. उशीर झाला आहे खरा. पण वकीलसाहेबांना तारखा पुढे जाण्याची सवय आहे, ते क्षमा करतील.

माझे उत्तर एका माणसाच्या चरित्रात आहे. त्याचे नाव अलेक्सेइ इवानोविच शाखुरिन. ती चाळीस हजार विमाने ज्याच्या देखरेखीखाली झाली तो हा माणूस. वकीलसाहेबांना त्याची विमाने ठाऊक आहेत. त्या विमानांपायी त्याचे काय झाले, ते मात्र ठाऊक नाही.

शाखुरिन १९०४ साली मॉस्कोजवळच्या एका खेड्यात जन्मला. मिसरूड फुटण्याआधीच तो कामाला लागला. १९२५ साली कम्युनिस्ट पक्षाचा सभासद झाला, १९३२ साली इंजिनियरिंग आणि अर्थशास्त्र यांचे शिक्षण पुरे करून बाहेर पडला. १९३८ साली मॉस्कोच्या पहिल्या क्रमांकाच्या विमान कारखान्यात तो पक्षाचा संघटक होता. त्याच साली यारोस्लाव्ल प्रांताचा पक्षचिटणीस झाला, पुढच्या साली गोर्की प्रांताचा. आणि १९४० च्या जानेवारीत सबंध सोव्हिएत विमानधंद्याचा कॉमिसार. कॉमिसार म्हणजे आपल्या भाषेत मंत्री. तेव्हा त्याला छत्तीस वर्षे पुरी व्हायची होती. दोन वर्षांत कारखान्याच्या फाटकापासून मंत्र्याच्या खुर्चीपर्यंत! अशी बढती मी कादंबरीत लिहिली तर प्रकाशक बाड परत पाठवील. पण त्या काळी तिकडे अशा बढत्या पुष्कळ होत होत्या, कारण वरच्या खुर्च्या भराभर रिकाम्या होत होत्या. त्या कशाने रिकाम्या होत होत्या ते पुढे येईलच.

२२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर हल्ला केला. विमानांचे बहुतेक मोठे कारखाने देशाच्या पश्चिम भागात होते. ते उपटून पूर्वेकडे न्यायचे ठरले. वाचकहो, बिऱ्हाड बदलताना एक पाटा-वरवंटा हलवायचा म्हटला तरी घरात केवढी त्रेधा उडते! येथे यंत्रे, पत्रे, साचे, नकाशे, कामगार आणि त्यांची बायकापोरे आगगाडीच्या डब्यांत घालून शेकडो कोस दूर न्यायची होती. मॉस्कोचा पहिल्या क्रमांकाचा कारखाना आणि वोरोनेझचा अठराव्या क्रमांकाचा कारखाना असे दोन्ही व्होल्गाकाठच्या कुइबिशेव शहराजवळ, म्हणजे आजच्या समाराजवळ, बेझिम्यान्का येथे आणले. अर्धवट बांधलेल्या इमारतींत, ऐन हिमात यंत्रे उभी केली. पुरुष आघाडीवर गेलेले. तेव्हा बाया आणि शाळकरी वयाची पोरे यंत्रांवर उभी राहिली. डिसेंबरात स्टालिनची तेथल्या कारखानदारांना तार आली. इल-२ विमाने सैन्याला हवेसारखी, भाकरीसारखी हवी आहेत, आणि तुम्ही दिवसाला एखादे पाठवून देशाची थट्टा करता. ही शेवटची ताकीद, असा तिचा मतलब होता. पुढे त्या इल-२ जातीची सुमारे ३६,००० विमाने तयार झाली. १९४४ साली तर सर्व जातींची मिळून ४०,००० च्या आसपास. शाखुरिनला १९४१ सालीच समाजवादी श्रमवीर हा सर्वोच्च किताब मिळाला होता. १९४४ साली तो कर्नल-जनरल झाला.

हे सगळे खरे आहे. यातला एकही आकडा मी नाकारीत नाही. पण वकीलसाहेब, आपण फिर्यादीची बाजू मांडून थांबलात. आता उलटतपासणी होऊ द्या.

पहिला प्रश्न त्या खुर्चीविषयी. संरक्षणधंद्याचे, आणि त्यातच विमानधंद्याचे, खाते १९३७ च्या ऑक्टोबरपर्यंत मोइसेइ रुखिमोविचकडे होते. त्याला अटक झाली आणि १९३८ साली गोळी घातली. त्याच्या जागी मिखाइल कागानोविच आला. स्टालिनच्या उजव्या हाताचा सख्खा भाऊ! १९४० साली त्याला काढून त्याची खुर्ची शाखुरिनला दिली. कागानोविचवर पुढे कटाचे आरोप आले, तेव्हा १९४१ च्या जुलैत त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. अशा खुर्चीवर बसणारा माणूस विमानांचा विचार किती करील आणि स्वतःच्या मानेचा किती करील, हे सांगायला विमानविद्या कशाला हवी?

दुसरा प्रश्न कायद्याचा. १० जुलै १९४० रोजी तिकडे एक फर्मान निघाले. कारखान्यातून निकृष्ट किंवा अपुरा माल बाहेर पडला, तर तो देशाविरुद्ध घातपात समजावा, आणि कारखान्याचा संचालक, मुख्य इंजिनियर व तपासणी खात्याचा प्रमुख यांना पाच ते आठ वर्षे तुरुंगात टाकावे. वाचताना वाटते, वा! हाच तो कायदा, जो आपल्या पुलांना हवा! पण क्षणभर त्या तपासनिसाच्या जागी बसून पाहा. समोर विमान उभे आहे. पंखाचा एक जोड सैल दिसतो. "दोष आहे" असे लिहिले तर आकडा भरत नाही, आणि आकडा न भरणे हाही गुन्हाच. "दोष नाही" असे लिहिले तर आजची रात्र घरी निजता येते. जोड निखळेल तो उद्या, दूर आघाडीवर, कुणा अनोळखी पोराच्या पाठीखाली. सांगा, लेखणी कोणीकडे वळेल? ज्या कायद्याने दोष असणे हाच घातपात ठरवला, त्याने दोष नाहीसे केले नाहीत, दोष दाखवणारे डोळे मिटवले.

आणि एखाद्याने तोंड उघडलेच तर? त्याचेही उदाहरण आहे. पावेल रिचागोव हा तिशीतला सेनानी सोव्हिएत वायुदलाचा प्रमुख होता. १९४१ च्या आरंभी अपघात का होतात यावर स्टालिनसमोर चर्चा चालली होती. त्या बैठकीची हकीकत एका नौसेनापतीने पुढे सांगितली आहे. रिचागोव उसळून म्हणाला की अपघात होणारच, कारण तुम्ही आम्हाला शवपेट्यांत बसवून उडायला लावता! एप्रिलमध्ये त्याचे पद गेले, जूनमध्ये अटक झाली, आणि २८ ऑक्टोबर १९४१ रोजी त्याला व त्याच्या वैमानिक पत्नीला कसलाही खटला न चालवता गोळ्या घातल्या. कोठे? त्याच कुइबिशेवजवळ, जेथे त्याच दिवसांत उखडलेले विमान कारखाने येऊन उतरत होते. शत्रूची विमाने डोक्यावर घोंगावत असताना आपल्याच वायुदलाच्या प्रमुखाला मारणे, यालाच धाक म्हणायचे असेल तर तो कुणाला बसला? जर्मनांना खास नव्हे.

आता १९४३ च्या जूनकडे वळू. कुर्स्कची मोठी लढाई महिन्यावर आलेली. अशा वेळी याक जातीच्या शेकडो लढाऊ विमानांच्या पंखांवरचे कापड सुटून येऊ लागले. त्या विमानांचे पंख लाकडी फळ्यांचे असत आणि त्यांवर कापड चिकटवून रंग व लुकण चढवीत. रंगाच्या कारखान्याने घाईत कच्च्या मालाऐवजी दुसरेच काही वापरले. ते उन्हापावसात टिकेना. ३ जून रोजी स्टालिनने शाखुरिनचा दुय्यम प्योत्र देमेन्त्येव आणि विमानांचा रचनाकार याकोव्लेव यांना बोलावून घेतले. टेबलावर कापडाचे फाटके तुकडे पडले होते. तुम्ही हिटलरची चाकरी केलीत, या थराला बोलणे गेले. याकोव्लेवने आपल्या आठवणींत ही हकीकत नोंदवली आहे. मग कारखान्यांच्या टोळ्या विमानतळांवर धावल्या आणि लढाईआधी पंख दुरुस्त केले.

वकीलसाहेब म्हणतील, पाहा, ओरडल्यावरच कामे झाली! मी विचारतो, ओरडण्याची वेळ का आली? रंग बदलला ही गोष्ट रंगाच्या कारखान्यात कुणाला तरी ठाऊक असणारच. ज्या हातांनी तो कालवला, त्या हातांना ठाऊक असणारच. त्या हातांच्या मालकाने आपल्या वरच्या माणसाला सांगितले असते, "साहेब, हे टिकणार नाही," तर एका दिवसात काम भागले असते. पण तसे सांगणे म्हणजे स्वतःच्या पायाने तुरुंगाकडे चालत जाणे. धाकाने आधी तोंड बंद करायचे, आणि मग शेकडो विमाने निकामी झाल्यावर त्याच धाकाने ती नीट केली म्हणून त्याची आरती ओवाळायची, हा न्याय कुठला?

त्याच ३ जूनला शाखुरिनच्या घरावर निराळाच घाला पडला. त्याचा पंधराच्या आसपासचा मुलगा वोलोद्या. मॉस्कोच्या एका पुलावर त्याने आपल्या वर्गातल्या एका मुलीवर गोळी झाडली आणि मग स्वतःवर. मुलीचे वडील परदेशी वकिलातीवर निघाले होते आणि ती त्यांच्यासोबत जाणार होती. पोरगी जागच्या जागी गेली, पोरगा दुसऱ्या दिवशी. सणाच्या अंकात हे लिहिताना माझा हात थबकतो. पण मी मास्तर आहे. या वयाची पोरे माझ्यापुढे रोज बसतात. मोठ्या पदांवरच्या बापांची ती पोरे. त्यांच्या खेळात खरी पिस्तुले होती आणि घरी बाप नव्हते, बाप रात्र रात्र कचेरीत फोनजवळ बसून होते. वर रोजच्या रोज विमानांचा आकडा जायचा असे. घरातल्या एकुलत्या माणसाच्या मनात काय शिजते आहे, याचा आकडा त्या बापाकडे कुणी मागितला नाही. पोराला पुरून शाखुरिन पुन्हा खुर्चीवर बसला. आणखी अडीच वर्षे विमाने करीत राहिला.

१९४५ साली लढाई जिंकली. आता बक्षीस पाहा. स्टालिनच्या वैमानिक मुलाने, वासिलीने, विमाने सदोष असल्याची तक्रार बापाकडे केली. १९४६ च्या जानेवारीत शाखुरिनचे पद गेले, एप्रिलमध्ये अटक, मे महिन्यात सैनिकी न्यायालयाची शिक्षा: सात वर्षे कैद. त्याच्याबरोबर वायुदलाचा प्रमुख मार्शल नोविकोव याला पाच वर्षे, आणि आणखी पाच जणांना कमी-अधिक. आरोप असा की यांनी सदोष विमाने व इंजिने वायुदलाच्या गळ्यात मारली आणि ही गोष्ट सरकारपासून लपवली.

सदोष विमाने होती काय? होती. बर्फात, उपाशी पोरांच्या हातून, वेळीअवेळी बदललेल्या मालातून केलेली विमाने निर्दोष कशी असतील? लढाईच्या पहिल्या काळात लाकडी लॅग-३ विमानाच्या नावातल्या अक्षरांचा वैमानिकांनी 'लाखेने चकचकवलेली खात्रीची शवपेटी' असा अर्थ लावला होता म्हणतात. दोष सगळ्यांना ठाऊक होते. आकडा ज्याने मागितला, त्यालाही ठाऊक होते. जोवर आकडा हवा होता तोवर दोषांकडे कानाडोळा झाला. लढाई संपली, आकड्याची गरज सरली, आणि दोष आठवले. मग एक मान हवी होती, ती हाताशी होती. तुरुंगात नोविकोवकडून मार्शल झुकोवविरुद्ध जबानी लिहवून घेतली, म्हणजे एका मानेला बांधून दुसरी मान ओढायची तजवीज झाली. हा तपास चालवणारा अबाकुमोव स्वतः १९५१ साली पकडला गेला आणि १९५४ साली गोळीने मेला. रहाटगाडगेच ते, पोहरा भरतो, वर येतो आणि उपडा होतो.

५ मार्च १९५३ रोजी स्टालिन वारला. त्याच साली त्या सर्वांवरचा खटला रद्द झाला, शाखुरिनचे किताब परत मिळाले. तो पुन्हा विमानखात्यात आला, पण दुय्यम म्हणून. १९५९ साली निवृत्त झाला आणि १९७५ साली मॉस्कोत वारला. लढाईच्या काळातल्या त्याच्या आठवणींचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर निघाले.

कुणी म्हणेल, मास्तर या शाखुरिनला संत करायला निघाले. मुळीच नाही! तो त्याच यंत्राचा एक दाता होता. ज्या खुर्च्या इतरांच्या अटकांनी रिकाम्या झाल्या, त्यांवर पाय ठेवीतच तो चढला. बेझिम्यान्काच्या ज्या इमारतींत त्याची विमाने झाली, त्या उभारण्यासाठी हजारो कैदी राबवले. तेथे १९४० पासून बंदिवानांची छावणीच होती. कामावर उशिरा येणाऱ्याला कोर्टात उभे करणारा कायदा त्याच्याही कारखान्यांत चालला. धाक त्याने वरून घेतला आणि खाली दिला. माझे म्हणणे इतकेच की धाकाच्या राज्यात इतका आज्ञाधारक, इतका कर्तबगार, पोराच्या चितेवरून उठून कामावर जाणारा माणूससुद्धा सुटत नाही. मग वकीलसाहेब, आपण आणि मी कोण?

"पण विमाने तर झाली ना?" हा प्रश्न उरतोच. झाली. पण ती धाकाने झाली, हे कुणी सिद्ध केले? १९४४ साली अमेरिकेने ९६,००० च्या वर विमाने केली. इंग्लंडसारख्या बेटाने त्याच साली २६,००० च्या वर केली. त्यांच्या मुलुखात शत्रूच्या फौजा घुसल्या नव्हत्या, हे मला मान्य आहे. पण त्यांनी आपल्या विमानमंत्र्यांना गोळ्या घातल्या नाहीत, हेही आपण मान्य करा. रशियन माणूस हिमात यंत्रावर उभा राहिला, कारण त्याचे घर जळत होते, त्याचा भाऊ आघाडीवर होता. घराला आग लागली तर पाणी ओतायला पाठीवर चाबूक लागतो काय? त्या कष्टांचे श्रेय चाबकाला देणे हा त्या बायांचा आणि पोरांचा अपमान आहे.

आणि चाबकाने जे गमावले त्याचा हिशेब कोण मांडणार? आंद्रेइ तुपोलेव हा त्या देशाच्या विमानविद्येतला भीष्माचार्य. त्याला १९३७ साली पकडले. तू-२ हे विमान त्याने तुरुंगात बसून आखले, आणि १९४१ साली लढाई पेटल्यावर त्याची सुटका झाली. पेत्ल्याकोवचेही तसेच. कोन्स्तान्तिन कालिनिन या रचनाकाराला तर १९३८ साली मारूनच टाकले. त्याच्या डोक्यातली विमाने त्याच्याबरोबर गेली. काही लोक मोठ्या कौतुकाने सांगतात की पाहा, तुरुंगातसुद्धा तुपोलेवने विमान केले! अहो, गाय खुंट्याला बांधली म्हणून दूध देत नाही. ती मुळात दुभती असते.

येथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. नाहीतर हा सगळा परोपदेश होईल. मी नोकरीला नवा होतो तेव्हा छडी कायद्याने बंद व्हायची होती, आणि माझी छडी आमच्या पंचक्रोशीत गाजलेली होती. पालक कौतुकाने म्हणत, "मास्तर, चामडी तुमची, हाडे आमची." माझ्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू येई, याचा मला केवढा अभिमान! एका हिवाळ्यात सहावीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत बोरे काढायला कुंपणावरून उडी मारून गेला. तसे जायला माझी सक्त बंदी होती. येताना त्याच्या तळपायात गंजका खिळा घुसला. त्याने तो उपसला, रक्त पुसले, आणि दुपारभर माझ्यापुढे चिडीचूप बसून गणिते सोडवली. घरी बोलला नाही, शाळेत बोलला नाही. आठवड्याने त्याचा जबडा आवळू लागला. धनुर्वात. तीन आठवडे तो जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात होता. वाचला, हे माझे भाग्य. मी भेटायला गेलो, तेव्हा त्याच्या आईने विचारले, "का रे बाबा, सांगितलं का नाहीस?" तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "सर मारतील म्हणून."

ज्या शांततेचा मला अभिमान होता, तिच्या पोटात तो खिळा होता. त्या दिवशी मी छडी टाकली. शाखुरिनची हकीकत वाचताना मला वारंवार ते पोर आठवत होते. पंखाचा सैल जोड आणि पायातला खिळा, दोन्ही एकाच भयाने लपवले गेले.

मग काय कुणालाच शिक्षा करू नये? चोराला, लाचखाऊला, जाणूनबुजून सिमेंटमध्ये वाळू मिसळणाऱ्याला जरूर करावी; कडक करावी. पण चूक आणि लबाडी यांत भेद करावा, आणि चूक आपण होऊन सांगणाऱ्याला तर पाटावर बसवावे. आमच्या शेजारी एक नाना राहतात. त्यांची सारी हयात विमाने जोडण्याच्या कामात गेली. ते तरुण असताना एकदा पाळी संपली आणि हत्यारे मोजताना त्यांचा एक पाना कमी भरला. कुणी पाहिले नव्हते. गुपचूप बाजारातून दुसरा आणून ठेवता आला असता. नाना घामाघूम होऊन फोरमनसमोर उभे राहिले. फोरमनने एवढेच विचारले, "शेवटचा कुठं वापरलास?" रात्रभर सहा माणसांनी विमानाची झाकणे उघडली. पहाटे पाना सापडला, सुकाणूच्या दांड्यापासून वीतभर अंतरावर. नाना म्हणतात, "मास्तर, त्या दिवशी फोरमननं मला जर शिव्या दिल्या असत्या ना, तर पुढल्या खेपेला मी पाना बाजारातून आणला असता." एवढे शहाणपण मी कुठल्या ग्रंथात वाचले नाही.

जगाने हेच शहाणपण रक्त सांडून शिकून नियमात घातले आहे. नागरी विमानांचे अपघात कसे तपासावेत याचे आंतरराष्ट्रीय नियम प्रथम १९५१ साली मंजूर झाले. शाखुरिन तेव्हा तुरुंगात होता. त्या नियमांत स्पष्ट लिहिले आहे की तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे. कुणाच्या माथी दोष मारणे हा त्या तपासाचा हेतू नाही. गुन्ह्याचा शोध कोर्ट घेईल. पण विमान का पडले याचा शोध घेणाऱ्याच्या हातात फाशीचा दोर असता कामा नये. दोर दिसला की साक्षीदार मुका होतो. हे तर वकीलसाहेब, आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असायला हवे!

आता पुन्हा आपल्या मिगकडे. १९४३ साली ज्याला ती बोलणी खावी लागली, तो देमेन्त्येव १९५३ सालापासून १९७७ साली मरेपर्यंत सोव्हिएत विमानधंद्याचा प्रमुख होता. मिग-२१ त्याच्याच काळात आकाराला आले, १९६३ पासून आपल्या वायुदलात दाखल झाले, आणि पुढे ओझरच्या माळावर आपल्या माणसांनी ते घडवले. १९७१ च्या युद्धात त्याने नाव काढले. पुढे वय झाले, अपघात वाढले, आणि आपल्या वर्तमानपत्रांनीही त्याला 'उडती शवपेटी' म्हटले. रिचागोवच्या तोंडचाच शब्द! पण तो शब्द उच्चारल्याबद्दल येथे कुणाला गोळी घातली नाही. अशाच एका विमानात तरुण वैमानिक मुलगा गमावलेल्या एका मराठी आईने दोष मुलाचा होता हे म्हणणे निमूटपणे गिळले नाही. ती वर्षानुवर्षे प्रश्न विचारीत राहिली, विमानांच्या सुरक्षिततेसाठी संस्था काढून बसली. वकीलसाहेबांनी मागितलेला माणूस पाच वर्षांसाठी आला, तर पहिल्या वर्षी कंत्राटदार पकडला जाईल की नाही, मला सांगता येत नाही. ती आई मात्र पहिल्याच महिन्यात पकडली जाईल, हे मी लिहून देतो.

पूल पडतात, ते धाक कमी म्हणून नव्हे. पुलाखालून रोज गुरे नेणाऱ्या गुराख्याला भेग दिसलेली असते. पण ती सांगायची कुणाला, आणि सांगून आपले काय होईल, हे त्याला ठाऊक नसते. त्या गुराख्याचे ऐकणारा एक ओव्हरसियर द्या. तुमचा स्टालिन तुम्हाला लखलाभ.

यंदाही भाऊबीजेला मी त्याच घरी फराळाला जाणार आहे. वकीलसाहेबही असतील. हा अंक मी बरोबर नेईन. तेवढ्यात घरातल्या एखाद्या पोराच्या हातून पणती कलंडेल, नव्या सतरंजीवर तेलाचा डाग पडेल, आणि पोर दाराआड उभे राहून आपल्याकडे पाहील. वकीलसाहेब, त्या वेळी आपण दोघांनी तोंड आवरायचे. पोर बाहेर येऊन काय सांगते, ते आधी ऐकायचे.